बळद, पत्र्याची कोठी आणि निळा ड्रम

सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे आमच्या भागात पूर्वी तीन गोष्टी बघत. गोठ्यात जनावरं किती, विहिरीला पाणी किती आणि बळदात जोंधळा किती. पहिल्या दोन उघड्यावरच्या. तिसरी विचारायची पद्धत नव्हती. मग पाहुण्यातली एखादी जाणती बाई पाणी प्यायच्या निमित्तानं माजघरात जायची आणि बोलता बोलता भिंतीवर बोटाची गाठ मारून बघायची. भरलेल्या बळदाची भिंत दबका आवाज देते, रिकाम्याची ठणठणते. लग्न ठरायचं का मोडायचं ते पुष्कळदा त्या आवाजावर.

आमचा भाग म्हणजे तेरणेचं खोरं, लातूर-धाराशिवची शीव. काळी जमीन आणि दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरं. शहरातल्या वाचकाला बळद माहीत असायचं कारण नाही म्हणून सांगतो. माजघराच्या भिंतीला लागून आणखी एक भिंत उभी करायची, मधे दोन-अडीच हातांची पोकळी ठेवायची. वर माळवदाला एक भोक, खाली वीतभर तोंड. खळ्यावरून आलेला जोंधळा वरून ओतायचा आणि लागेल तसा खालून काढायचा. खालचं तोंड शेणमातीनं लिंपलेलं. म्हणजे जो दाणा आधी गेला तोच आधी बाहेर. जुनं आधी संपवा, नवं मागं ठेवा, हा साठवणीचा पहिला नियम. तो कुणाला शिकवावा लागायचा नाही, भिंतच पाळायला लावायची.

ही अक्कल काही काल-परवाची नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 पासून पुढं बरीच वर्षं तिथं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथं निघाली. घराघरात धान्याची पेवं होती, कणग्या ठेवायचे मातीचे गोल ओटे होते. वस्तीतल्या एका पाच खोल्यांच्या मोठ्या घराशेजारी धान्याचं कोठार होतं. आणि त्याच घराच्या अंगणात एका माणसाला चार पायांच्या, रांजणासारख्या मातीच्या भांड्यात बसवून पुरलेलं होतं. धान्य ठेवायचं भांडं आणि माणूस ठेवायचं भांडं यांत त्या लोकांना फार अंतर वाटत नसावं. आमच्या आजीलाही वाटायचं नाही. बळदाला ती पाय लागू देत नसे, आणि संक्रांतीला पहिलं हळदीकुंकू भिंतीला.

मुलखामुलखाची रीत मात्र वेगळी. कोकणात भाताच्या पेंढ्याच्या मुड्या बांधत. विदर्भात आणि खाली सोलापूरकडं बांबूच्या, तुराट्यांच्या कणग्या, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेल्या. जिथं जमीन कोरडी आणि घट्ट तिथं पेव. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर नामांकित होती. 2005 च्या महापुरात त्यांतली पुष्कळशी गेली. पेवाचं गणित साधं आहे. तोंड बंद केलं की आतले किडे आणि दाणे मिळून हवेतला प्राणवायू संपवतात, घाण हवा साठते आणि किडा आपोआप मरतो. पण तीच हवा माणसालाही सोडत नाही. म्हणून पेव उघडल्यावर एक-दोन दिवस तसंच ठेवायचं, मग कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. हा नियम न पाळणारे पेवातच राहिल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत.

आता या साठवणीमागचा हिशेब. दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण तिचा हिशेब असा : घरात रोज एक पायलीचं दळण. महिन्याला तीस पायल्या, म्हणजे अडीच मण. वर्षाला तीस मण, म्हणजे दीड खंडी. त्यावर पाहुणारावळा, सणवार, गडीमाणसं यांचे पाच मण. एवढं बळदात पडल्याशिवाय एक पायली बाजाराला जायची नाही. आजोबांचं आणि तिचं भांडण दरसाल याच एका गोष्टीवरून व्हायचं. आजोबांना सारा भरायचा असायचा, दुकानदाराची बाकी द्यायची असायची. आजी म्हणायची, "भावाला इकडं विकचाल आणि आखाडात दिडीनं आणचाल. कुणाचं घर चालवायचंय, आपलं का सावकाराचं?"

दिडी म्हणजे काय, तेही सांगायला हवं. पेरणीच्या दिवसांत घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून आणायचं. सुगीला परत करताना एका पायलीची सव्वा पायली दिली तर ती सवाई, दीड दिली तर दिडी. चार-पाच महिन्यांत निम्मं व्याज. बळद आखाडापर्यंत पुरलं तर घर मोकळं, जेठातच ठणठणलं तर घर बांधलेलं. घरातली साठवण म्हणजे नीटनेटकेपणाची हौस नव्हती. सावकाराच्या ओट्यावर किती दिवस जायचं नाही, त्या दिवसांचा तो साठा होता.

1958 पासून सरकारनं किलो-ग्रॅम आणले, 1962 पर्यंत ते सक्तीचे झाले. दुकानात किलो आला, पण आमच्या माजघरात पायलीच राहिली. किलो वजन सांगतो, पायली दिवस सांगते.

बळदाला आणखी एक काम होतं, लपवायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजामाच्या राज्यात धान्याची लेव्ही सुरू झाली. पिकलेल्यातला ठरलेला वाटा सरकारी भावानं द्यायचा. तपासायला माणसं आली की दाराशीच्या कणग्या दाखवायच्या. बळद कुठं आहे ते भिंत लिंपून, तिच्यावर उतरंड रचून झाकलेलं असायचं. रझाकारांच्या वर्षात तर आजीनं बळदाच्या तोंडापुढं चूलच घातली होती. पुढं हैदराबाद मोकळं झालं, तरी ती चूल बरीच वर्षं तिथंच होती.

उतरंडीचा कारभार सगळा बायकांचा. खाली मोठा डेरा, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान, सात-आठ मडक्यांची चळत. वरच्या गाडग्यात रोजचं मीठ-मिरची, मधल्यात डाळी, खालच्यात सहसा न लागणारं. बाईकडं रोख पैसा कुठला? कासाराला बांगड्यांचे, बोहारणीला भांड्याचे पैसे द्यायचे ते ओंजळभर जोंधळ्यानं. मडक्यातून रोज मूठभर बाजूला काढून ठेवायची, हीच तिची बँक. बळदाची मोजदाद पुरुषांना असे, उतरंडीची नसे. सासू-सुनेचं वैर आणि सासू-सुनेची युती, दोन्ही त्या उतरंडीपाशीच घडत.

आणि या सगळ्यात एक मडकं निराळं. सर्वांत खालचं, सर्वांत जड. त्यात बियाणं. खळ्यावर मळणीच्या आधीच आजी निवडक कणसं बाजूला काढायची. सावलीत वाळवायची, हातानं चोळायची. दाणा दाताखाली धरून बघायची. कडकन फुटला तर वाळला, चेपला तर आणखी चार ऊन्हं. मग चाळलेली राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडकं भरायचं, तोंड शेणमातीनं बंद. ते मृगापर्यंत उघडायचं नाही. घरात दुसरं काही नसलं तरी नाही. "पोटाला चिमटा बसतो, बियाला नाही," हे तिचं बोलणं आम्हा पोरांना पाठ होतं.

ते मडकं आमच्या घरात अवेळी उघडलं एकदाच. 72 च्या दुष्काळात.

त्या साली पाऊस गेला तो गेलाच. मागचं सालही धड नव्हतं, त्यामुळं बळद आधीच तळाला आलेलं. 73 च्या उन्हाळ्यात गावची सगळी माणसं, बायका-पोरांसकट, खडी फोडायला आणि रस्त्याला मुरूम टाकायला जात होती. रोजगार हमीचं काम. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ती योजना तेव्हा नवीन होती, तिचा कायदा पुढं 1977 साली झाला. कामावर सुकडी मिळायची. रेशनला तांबडा मिलो आला, अमेरिकेतून आलेला जोंधळा. त्याची भाकरी थापताना हातातच मोडायची. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. एका संध्याकाळी आजीनं उतरंड उतरवली, खालचं मडकं ओढून घेतलं आणि खुरप्यानं त्याचं तोंड फोडलं. राख पाखडली, पाला वेचला. कुणी काही बोललं नाही. त्या बियाच्या भाकरी आम्ही आठ-दहा दिवस खाल्ल्या.

पुढच्या मृगाला पेरायला घरात बी नव्हतं. एकट्या आमच्याच नाही, गावात पुष्कळांच्या घरात नव्हतं. ते आलं तालुक्यावरून, तगाईवर, पिशवीतून. संकरित जोंधळा. देशात पहिलं संकरित ज्वारीचं वाण 1964 सालीच निघालं होतं, पण आमच्याकडच्या घराघरात ते शिरलं दुष्काळानंतर. आम्ही त्याला हायब्रीडच म्हणायचो. पीक दुप्पट-तिप्पट आलं, हे खरंच आहे. दोन सालांत बळदं पुन्हा भरली आणि पोटं भरली, ते विसरून चालणार नाही. कडबा तेवढा आखूड. काढणीला पाऊस लागला की दाणा काळा पडायचा. भाकरीला चव नाही. म्हणून तर अंगात दम नसलेल्या पोराला म्हातारी माणसं आजही हायब्रीड म्हणतात.

पण भाकरीच्या चवीपेक्षा मोठी गोष्ट झाली ती उतरंडीच्या तळाशी. हायब्रीडचं बी घरचं धरता येत नाही. पुढच्या साली ते तसं उगवतच नाही, दरसाल नवी पिशवी आणावी लागते. म्हणजे ते खालचं मडकं रिकामंच राहिलं. रब्बीच्या मालदांडीचं बी काही दिवस घरचं धरत, पण खरिपाचं गेलं. माझ्या समजुतीनं आमच्या घरातल्या साठवणीचा इतिहास इथं दुभंगतो. त्याआधी माजघरात पुढचं साल ठेवलेलं असायचं. त्यानंतर तिथं फक्त मागच्या सुगीचं उरलेलं असायचं.

त्याच सुमाराला माजघरात पत्रा आला. गावात किराणा दुकान वाढलं तसे डालडाचे पिवळे डबे घरोघर जमू लागले, हिरव्या ताडाचं झाड असलेले. डालडा बाजारात आला 1937 साली, पण आमच्या उतरंडीला त्यानं धक्का दिला तो सत्तरीनंतर. मडकं फुटतं, डबा फुटत नाही. मडक्याला उंदीर कोरतो, डब्याला नाही. त्यातच सरकारनंही धान्य वाचवण्यासाठी पत्र्याच्या कोठ्यांचा प्रचार चालवला होता. आजी मात्र डब्यावर नाखूश होती. "पत्रा घाम धरतो," म्हणायची. खरंच होतं ते. माती ओल शोषते, पत्र्याच्या आत ती थेंब होऊन दाण्यावर पडते. डबा वापरायचा तर दाणा जास्त वाळवावा लागतो, हे आमच्या बायकांना दोन-तीन पावसाळे डाळी खराब होऊन कळलं.

आजी 1981 साली गेली. बळद तिच्यामागं बारा वर्षं टिकलं.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं झोपली होती. पहाटे चारला पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं बसली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. इतकी का गेली, तर त्या जाड भिंती आणि माळवदावरची माती. गळू नये म्हणून दरसाल वर पांढरी माती टाकायची, बापानं टाकली तिच्यावर लेकानं. ज्या भिंतीनं आम्हाला वर्षाचं धान्य दिलं, त्याच भिंती अंगावर आल्या. आमच्या गावात किती गेले त्याची यादी देवळापाशी लावलेली आहे, ती मी इथं लिहीत नाही. आमच्या घरातली माणसं अंगणात झोपली होती म्हणून वाचली. नंतरच्या पावसात बळदातला जोंधळा ढिगाऱ्यातच मोड येऊन हिरवा झाला.

दोन-अडीच वर्षं पत्र्याच्या शेडात काढल्यावर नवं गाव मिळालं. बावन्न गावं नव्या जागी वसवली. घरं जमिनीच्या हिशेबानं तीन मापांची : अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फूट. आम्हाला चारशेचं. सिमेंटच्या दोन खोल्या, सरळ भिंती, वर स्लॅब. घर मजबूत होतं, निर्धास्त झोप लागावी असं होतं. पण त्यात माजघर नव्हतं, कोनाडा नव्हता, माळा नव्हता. सहा माणसांचं वर्षाचं धान्य ठेवायचं कुठं, हे नकाशा काढणाऱ्यानं कुणा बाईला विचारलं नसावं.

माझ्या मायनं त्या दोन खोल्यांत कोठी कशी बसवली, ते सांगण्यासारखं आहे, कारण तिच्या हातात पैसे जवळजवळ नव्हतेच. ढिगाऱ्यातून निघालेल्या शहाबादी फरश्या तिनं गोळा केल्या. आतल्या खोलीच्या उगवत्या भिंतीला विटांचे खांब रचून त्यांवर त्या फरश्या तीन थरांत टाकल्या. ना गवंडी, ना सुतार. मावळतीची भिंत का नाही? तर ती दुपारभर तापते, आणि तापलेल्या भिंतीजवळ किडा लवकर होतो. शेजारच्या दुकानदाराकडून पंधरा किलोचे तेलाचे रिकामे डबे आणले, सोड्याच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवले. बाजारच्या दिवशी पत्र्याचं काम करणाऱ्याकडून त्यांना कडी-झाकण बसवून घेतलं. विकत आणलेली वस्तू एकच : चार पोत्यांची पत्र्याची कोठी. ती विटांवर फळी टाकून उभी केली, भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे खालून ओल नाही आणि मागून उंदीर दिसतो.

मग मांडणी. वरच्या फरशीवर वर्षातून एकदा लागणारं, पापड-कुरडया, चिंच. मधे डाळी, नजरेसमोर, कारण भुंगा सगळ्यात आधी डाळीत होतो. खाली मीठ, गूळ आणि जड सगळं. सारखे डबे बाहेरून ओळखू येईनात, तेव्हा तिनं प्रत्येकाच्या कडीला आतल्या वस्तूची पुरचुंडी बांधली. तुरीच्या डब्याला तूर, मुगाच्या डब्याला मूग. चिठ्ठी लिहिली असती तर तिला वाचता आली नसती. गव्हाला एरंडेलाचा हात, तुरीला राख, मिरचीत हिंगाचा खडा. नवा माल आला की डबा आधी पूर्ण रिकामा करायचा, पुसायचा, नवं खाली आणि जुनं वर. बळद जे आपोआप करायचं ते आता हातानं.

एक गोष्ट मात्र तिनं घरात येऊ दिली नाही, धान्यात टाकायची विषारी गोळी. त्या दिवसांत ती सर्रास मिळायची. जुन्या घरात धान्य भिंतीच्या पोटात आणि माणसं ओसरीवर असत. इथं कोठीपासून चार हातांवर लेकरं झोपायची. ती गोळी हवेतल्या ओलीनं विषारी वायू सोडते, आणि बंद खोलीत तो माणसालाही मारतो. तशा बातम्या आजही येतात. ज्यांच्या घरात झोपायची आणि साठवायची खोली एकच आहे, त्यांनी ती गोळी घरात आणूच नये.

मायची ती फरशीची मांडणी शेजारच्या आळीतल्या बायका बघून गेल्या आणि वर्षभरात निम्म्या गावात तशाच फरश्या उभ्या राहिल्या.

पण मांडणी राहिली आणि आतला माल बदलत गेला. शेतात सोयाबीन आलं. भाव चांगला, पीक हुकमी, लातूरची बाजारपेठ जवळ. पण सोयाबीन कुणी भाकरी करून खात नाही. ते रानातून गाडीत आणि गाडीतून आडतीवर. शेतकऱ्याच्या घरातलं धान्य आता बाजारातून येतं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणसी महिन्याला पाच किलो धान्य दोन-तीन रुपये किलोनं मिळू लागलं, 2023 पासून ते फुकट आहे. गरिबाच्या घरात त्यानं केवढा आधार झाला ते 72 पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. मात्र त्यात गहू आणि तांदूळ. जोंधळा विकत, आणि तो गव्हापेक्षा महाग. आजीच्या हिशेबाची पायली जाऊन घर आता महिन्याच्या रेशनवर आणि आठवड्याच्या बाजारावर चालतं.

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या साली आमच्या गावातही टँकर होता. घरात रेशनचा गहू होता, तांदूळ होता, डाळ होती. पाणी नव्हतं. म्हणून जुनी माणसं म्हणतात, 72 ला अन्नाचा दुष्काळ होता, हा पाण्याचा. तेव्हा माझ्या धाकट्या भावजयीनं पत्र्याची कोठी बाहेर पडवीत काढली आणि तिच्या जागी दोनशे लिटरचा निळा ड्रम आणला. विटा त्याच, फळी तीच. रोज किती तांबे काढायचे ते तिनं ठरवून दिलेलं. ड्रमच्या अंगावर खडूच्या रेघा, एक रेघ म्हणजे एक दिवस. टँकर किती दिवसांनी येतो त्यावर रेघा कमी-जास्त. पुढं पाऊस झाला तरी ड्रम तिथंच राहिला.

गेल्या चार-पाच वर्षांत तिनं बांधाकडच्या दहा गुंठ्यांत घरच्यापुरती मालदांडी पेरायला सुरुवात केली आहे. पंधरा-वीस निवडक कणसं ती फरशीच्या वरच्या कप्प्याशेजारी आढ्याच्या हुकाला टांगून ठेवते. खाली चुलीचा धूर नाही, गॅस आहे, म्हणून पावसाळ्यात दोनदा उन्हात काढते. मडकं काही तिनं आणलं नाही. बरणी आहे, प्लास्टिकची, लाल झाकणाची. तिच्यात राख, कडुलिंबाचा पाला आणि दीड-दोन किलो बी. झाकणाला चिकटपट्टी लावलेली. पोरं खाऊ शोधताना ती बरणी हलवतात, तेव्हा ती आतून ओरडते, "तिला हात लावू नका, ती मृगाशिवाय उघडायची नाही."